पडले की पाडले?

१९८३ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत आठवीत होतो. दर शनिवारी शेवटच्या तासाला आमचे मराठीचे सर वर्तमानपत्रातली एखादी बातमी वाचून दाखवायचे आणि मुलांनी तिच्यावर बोलायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या शनिवारी बातमी होती दक्षिण कोरियाच्या प्रवासी विमानाची. न्यूयॉर्कहून अलास्कामार्गे सेऊलला निघालेले विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने ते साखालिन बेटाजवळ पाडले. आतली २६९ माणसे गेली.

मी हात वर केला. उभा राहून ठणकावून सांगितले, ‘‘सर, ते विमान हेरगिरी करत होते. रशिया उगाच कुणाला मारणार नाही.’’

सर काही रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, ‘‘विमानात लहान मुलंही होती म्हणतात. तीही हेरच होती का रे?’’ वर्ग हसला. मी खाली बसलो.

रशियाची एवढी खात्रीशीर बातमी माझ्याकडे कुठून आली होती? आमच्या वाचनालयात सोव्हिएत मासिके यायची. गुळगुळीत, जाड कागद, रंगीत छायाचित्रे. माझ्या पिढीतल्या अनेकांनी त्या कागदाची कव्हरे वह्यांना घातली असतील. वर्षातून एकदा पुस्तकांची गाडी यायची आणि दोन-अडीच रुपयांत कापडी बांधणीचे, मराठीत भाषांतर झालेले रशियन पुस्तक मिळायचे. अब्बांची मिळकत बेताची. त्यांनी मला घेऊन दिलेली पहिली गोष्टींची पुस्तके ही अशी मॉस्कोत छापलेली. ज्यांनी मला गोष्टी दिल्या त्यांनी विमान पाडले असेल तर त्याला कारण असणारच, असा माझा सरळ हिशेब होता. मासिकात युक्रेनमधल्या गव्हाच्या शेतांची चित्रे असत. क्षितिजापर्यंत सोनेरी कणसे आणि हसऱ्या बायका. त्या शेतांमध्ये पन्नास वर्षांपूर्वी काय घडले होते, हे मला पुढे पंधरा-वीस वर्षांनी कळले.

एका महासत्तेने दुसरीचे चित्र कसे रंगवले, यावर बोलायचे ठरवले तेव्हा मला पहिल्यांदा तो शनिवारचा तास आठवला. मी मुसलमान आहे आणि कविता मराठीत लिहितो. मी तोंड उघडण्याआधीच समोरच्याच्या मनात माझे एक चित्र तयार असते, हा अनुभव मला नवा नाही. त्यामुळे दुसऱ्याचे चित्र कोण आणि कसे काढतो, याची मला जरा जास्त उत्सुकता असते. आणि आठवीत असताना मीही तेच करत होतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

सुरुवात अमेरिकेपासून करू. १९२० साली वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोन अमेरिकन पत्रकारांनी एक खटाटोप केला. मार्च १९१७ ते मार्च १९२० या तीन वर्षांतले ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे हजाराहून जास्त अंक त्यांनी चाळले आणि रशियन क्रांतीबद्दल त्यात काय काय छापून आले ते मोजले. बोल्शेविक सरकार कोसळले, कोसळते आहे, आता कोसळणारच, अशा अर्थाचा मजकूर त्यांना ९१ वेळा सापडला. लेनिन पळून गेल्याच्या बातम्या होत्या, तुरुंगात पडल्याच्या होत्या. आणि ते सरकार पुढे सत्तर वर्षे टिकले!

या दोघांनी ‘बातमीदार विकले गेले’ असा आरोप केला नाही. त्यांचे निदान वेगळे होते. बातमीदार आणि संपादक यांच्या मनातली आशा आणि मनातली भीती याच दोघी बातम्या लिहीत होत्या, असे त्यांचे म्हणणे. रशियात काय चालले आहे यापेक्षा काय चालावे असे आपल्याला वाटते, तेच छापले गेले. शंभर वर्षे झाली, पण या विषयावर इतके मुद्द्याचे लिहिलेले मी फार थोडे वाचले आहे. लिपमन स्वतः काही रशियाचा चाहता नव्हता. म्हणून तर त्याचे म्हणणे जास्त पटते.

आता गंमत बघा. त्याच वर्तमानपत्राचा मॉस्कोतला बातमीदार वॉल्टर ड्युरँटी. १९२२ पासून तो तिथे होता. १९३१ साली सोव्हिएत रशियावर लिहिलेल्या लेखांसाठी त्याला १९३२चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि त्याच सुमाराला युक्रेनमध्ये, कझाकस्तानात, व्होल्गाकाठी दुष्काळ पडला होता. मी ‘पडला’ म्हणालो, तेही चुकलेच. पीक सरकारने सक्तीने उचलून नेले, गावांच्या वाटा बंद केल्या, बियाणेसुद्धा घेतले. लाखो माणसे उपासमारीने मेली.

गॅरेथ जोन्स नावाचा एक तरुण वेल्श पत्रकार मार्च १९३३ मध्ये परवानगी नसताना आगगाडीतून मध्येच उतरला आणि युक्रेनच्या खेड्यांतून पायी हिंडला. बर्लिनला परतल्यावर २९ मार्चला त्याने पत्रकारांना जे पाहिले ते सांगितले. दोनच दिवसांत ड्युरँटीचा लेख आला. मथळ्याचा आशय असा, की रशियन लोक भुकेले आहेत, पण उपासमार नाही. भूक आणि उपासमार यांमधल्या त्या बारीक फटीत लाखो प्रेते दडवली गेली. जोन्स खोटा ठरला. दोन वर्षांनी मंगोलियाच्या बाजूला बातमीदारी करताना तो मारला गेला, तेव्हा त्याला तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ड्युरँटीचे पारितोषिक काढून घ्यावे अशी मागणी अनेकदा झाली. २००३ साली पुलित्झर मंडळाने ती अखेर नाकारली.

म्हणजे १९२०च्या आधी जे वर्तमानपत्र रशियाचे काहीच चांगले पाहू शकत नव्हते, त्याच्याच बातमीदाराला पुढे तिथले मरणे दिसेनासे झाले. १९३३च्या नोव्हेंबरात अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली. वारा फिरला होता.

पुढे दुसरे महायुद्ध आले आणि रशिया दोस्त झाला. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९३९ साठी स्टालिनला वर्षातला माणूस म्हणून निवडले होते ते हिटलरशी केलेल्या करारामुळे, कडवटपणाने. १९४२ साठी पुन्हा त्यालाच निवडले, या वेळी कौतुकाने. ‘लाइफ’ने मार्च १९४३ मध्ये अख्खा अंक रशियावर काढला. त्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने ‘मिशन टू मॉस्को’ हा चित्रपट काढला. त्यात स्टालिनचे कुप्रसिद्ध खटले चक्क न्याय्य दाखवले होते. आणि चारच वर्षांनी, १९४७ मध्ये, त्याच कंपनीच्या जॅक वॉर्नरला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसून हा चित्रपट का काढला याचा खुलासा द्यावा लागला. आपल्याकडेही त्या युद्धात स्टालिनग्राडचे पोवाडे झाले. अण्णा भाऊ साठ्यांचा पोवाडा प्रसिद्धच आहे. पण अण्णा भाऊंना तो लिहिल्याबद्दल कुणा समितीला खुलासा द्यावा लागला नाही, आणि त्यांनी आपले मतही वाऱ्याबरोबर बदलले नाही. १९६१ साली ते स्वतः रशियाला जाऊन आले, त्याचे प्रवासवर्णन लिहिले. त्यांना तिथे जे दिसले ते सगळे मला आज पटत नाही, पण त्यांच्या शब्दाला किंमत होती.

आता एका वाक्याची गोष्ट सांगतो. माझ्या धंद्यातली आहे, शब्दांची.

१८ नोव्हेंबर १९५६. मॉस्कोत पोलंडच्या वकिलातीत मेजवानी होती. निकिता ख्रुश्चेव्ह पाश्चात्त्य राजदूतांसमोर बोलत होते. भांडवलशाहीवर तोंडसुख घेता घेता ते म्हणाले, इतिहास आमच्या बाजूने आहे. आणि पुढे एक लहानसे वाक्य बोलले. दुभाष्याने त्याचे इंग्रजी केले, ‘आम्ही तुम्हांला गाडून टाकू.’ राजदूत उठून गेले. वाक्य जगभर छापले गेले. अणुबाँबच्या त्या दिवसांत त्याचा अर्थ अमेरिकन माणसाने एकच घेतला. १९५९ साली ख्रुश्चेव्ह अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा लॉस एंजेलिसच्या महापौराने भर मेजवानीत त्यांना त्याच वाक्यावरून टोमणा मारला आणि ख्रुश्चेव्ह भडकले.

रशियन भाषेतले ते क्रियापद दुहेरी आहे. ‘गाडणे’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘अंत्यसंस्कार करणे’ असाही. मला रशियन येत नाही. एका जाणकाराने हे समजावून दिले तेव्हा मला माझी दादी आठवली. आमच्याकडे मय्यतीला जाणे याला ‘माती द्यायला जाणे’ म्हणतात. दादी नव्वदीच्या घरात होती. तिच्याहून तरुण कुणी तब्येतीबद्दल जास्त कुरकुर केली, की ती म्हणायची, ‘‘जा रे, तुला माती देऊनच जाईन मी.’’ म्हणजे काय, ती खून करणार होती? तुझ्यानंतरही मी असेन, एवढाच त्याचा अर्थ. ख्रुश्चेव्हने अमेरिकेला जे सुनावले ते बरेचसे दादीसारखे होते. १९६३ साली युगोस्लाव्हियात त्यांनी स्वतःच सांगितले, की आम्ही काही फावडे घेऊन तुम्हांला पुरणार नाही, तुमचा कामगारवर्गच ते करील.

तुम्ही म्हणाल, कवीमहाराज, ख्रुश्चेव्ह म्हणजे तुमची दादी नव्हे. मान्य. ते वाक्य बोलले गेले तेव्हा हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरून दोन आठवडेच झाले होते. बुडापेस्टच्या रस्त्यांवर माणसे मेली होती. असे रणगाडे धाडणाऱ्याच्या तोंडी ‘माती देणे’ हे शब्द आले, तर ऐकणाऱ्याने त्याचा वाईट अर्थ घेतला याचा सगळा दोष दुभाष्यावर टाकता येत नाही. पण पुढे अनेक वर्षे ते वाक्य संदर्भाशिवाय वापरले गेले, दुसरा अर्थ माहीत झाल्यावरही वापरले गेले. तिथे भाषांतराची चूक संपते आणि दुसरे काहीतरी सुरू होते.

ख्रुश्चेव्ह स्वतःही कमी नव्हते. आमच्या कारखान्यांतून क्षेपणास्त्रे सॉसेजसारखी बाहेर पडतात, अशा अर्थाची बढाई ते मारत. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी ती मनापासून छापली, आणि १९६०च्या निवडणुकीत जॉन केनेडींनी ‘क्षेपणास्त्रांची तफावत’ हा प्रचाराचा मुद्दा केला. रशिया पुढे, आपण मागे! उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे आली, सप्टेंबर १९६१चा गुप्तचर अंदाज आला, आणि कळले की रशियाकडची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे अगदी मोजकी आहेत. तफावत होती, पण ती उलट्या बाजूला. एकाची बढाई आणि दुसऱ्याची भीती, दोघींनी मिळून एक खोटे जन्माला घातले आणि दोन्ही देशांतल्या शस्त्रांच्या कारखान्यांनी ते पोसले.

पुन्हा विमानाकडे येतो.

१९८३च्या त्या बातमीवर अमेरिकेत ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर ‘आकाशात खून’ अशा अर्थाचा मथळा होता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ५ सप्टेंबरच्या भाषणात याला कत्तल म्हटले, मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी सोव्हिएत युनियनला दुष्टांचे साम्राज्य ठरवले होतेच. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत सोव्हिएत वैमानिकाच्या संभाषणाची ध्वनिफीत वाजवण्यात आली. वैमानिकाने इशाऱ्याच्या फैरी झाडल्याचा भाग त्यात ऐकू आला नाही. तो होता, हे अमेरिकन परराष्ट्र खात्याने काही दिवसांनी सुधारित प्रत काढून मान्य केले. पण तोपर्यंत मथळे छापून झाले होते. रशियनांनी या विमानाला बहुधा त्याच भागात फिरणारे अमेरिकेचे टेहळणी विमान समजून पाडले, असे अमेरिकेच्या हवाई दलातल्या गुप्तचरांचेच मत होते, हे पत्रकार सेमूर हर्श यांनी १९८६च्या पुस्तकात दाखवून दिले.

आणि मॉस्को? पहिल्या दिवशी ‘तास’ या वृत्तसंस्थेने सांगितले, की एक अनोळखी विमान आमच्या हद्दीत आले आणि जपानच्या समुद्राकडे निघून गेले. निघून गेले! ६ सप्टेंबरला सोव्हिएत सरकारने कबूल केले, तेही कसे? आमच्या विमानांनी त्याचे ‘उड्डाण थांबवण्याचा’ आदेश पाळला. दोनशे एकोणसत्तर माणसांसाठी हा शब्दप्रयोग. त्या विमानाचे ब्लॅक बॉक्स त्यांनी समुद्रातून काढले आणि जगाला सांगितलेच नाही. सोव्हिएत युनियन संपल्यावर, १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी ते उघड केले. १९९३चा आंतरराष्ट्रीय चौकशी अहवाल त्यानंतरचा. विमान स्वयंचलित यंत्रणेच्या चुकीच्या जुळणीमुळे भरकटले होते. हेर वगैरे कुणी नव्हते. मी शनिवारच्या तासाला जे बोललो ते खोटे होते.

पाच वर्षांनी, ३ जुलै १९८८ला, इराण एअरचे प्रवासी विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले. होर्मुझच्या सामुद्रधुनीवर अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने ते क्षेपणास्त्राने पाडले. २९० माणसे गेली, त्यांत ६६ मुले. दहा भारतीयही होते.

रॉबर्ट एन्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ साली या दोन घटनांच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्या वेळी ‘खून’, ‘हल्ला’. दुसऱ्या वेळी ‘शोकांतिका’, ‘चूक’. ‘न्यूजवीक’चे मुखपृष्ठ या वेळी विचारत होते, हे का घडले? ‘टाइम’ने ही बातमी मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात घेतली. पहिल्या विमानातल्या माणसांना चेहरे होते, कुटुंबे होती. दुसऱ्या विमानाच्या बातम्यांत रडारचे पडदे होते, यंत्रणांची गुंतागुंत होती. मजकूरही पहिल्याच्या मानाने कितीतरी कमी.

आपल्या मराठीत यासाठी फार नेमकी सोय आहे. मरणे आणि मारणे. पडणे आणि पाडणे. एक काना दिला की कर्ता उभा राहतो, काना काढला की तो नाहीसा होतो. व्याकरणाच्या पुस्तकात आपण हे प्रयोजक क्रियापद म्हणून पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. शत्रूने केले की काना येतो, आपण केले की काना जातो. बी. ए.ला मराठी घेतल्याचा मला झालेला हा एक उपयोग.

रेगन यांनी ‘व्हिन्सेन्स’ची कृती स्वसंरक्षणासाठी योग्य ठरवली. विमान खाली झेपावत होते आणि ठरलेल्या मार्गाबाहेर होते, असे सुरुवातीला सांगण्यात आले. अमेरिकन नौदलाच्याच चौकशीत निघाले, की ते मार्गावर होते आणि वर चढत होते. युद्धनौका स्वतः इराणच्या सागरी हद्दीत होती, हे १९९२ मध्ये बाहेर आले. नौकेच्या कप्तानाला पुढे त्याच्या कारकिर्दीबद्दल पदक मिळाले. १९९६ साली अमेरिकेने मृतांच्या कुटुंबांसाठी सहा कोटी अठरा लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. लिपमन अमेरिकन, हर्श अमेरिकन, एन्टमनही अमेरिकन. १९९२ मध्ये ‘व्हिन्सेन्स’चे खोटे उघडे पाडणारे साप्ताहिक ‘न्यूजवीक’च होते, ज्याने चार वर्षांपूर्वी ‘का घडले’ म्हणून हळहळ व्यक्त केली होती. ‘प्रावदा’त अशी गोष्ट छापणे संपादकाच्या स्वप्नातही आले नसते. उशिरा का होईना स्वतःला खोटे पाडण्याची सोय असलेले वर्तमानपत्र आणि ती सोयच नसलेले वर्तमानपत्र, यांना मी एका तागडीत तोलणार नाही. मात्र त्या उशिराचा बंदर अब्बासच्या घरांना काय उपयोग, तेही मला सांगता येत नाही.

सोव्हिएत प्रचाराचे एक टोक तर आपल्या दिल्लीतच होते. जुलै १९८३ मध्ये ‘पेट्रिअट’ या दिल्लीच्या दैनिकात एका निनावी ‘अमेरिकन शास्त्रज्ञा’चे पत्र आले. एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत बनवला, असा त्यात दावा होता. तो सोव्हिएत हेरखात्याचा उद्योग होता. दोन वर्षांनी मॉस्कोच्या एका साप्ताहिकाने याच पत्राचा हवाला देऊन लेख छापला, म्हणजे आपलेच खोटे दिल्लीत पेरायचे आणि तिथे उगवले म्हणून परत आणायचे. तिथून ते अनेक देशांत पसरले. १९९२ साली रशियाच्या हेरखात्याचे तेव्हाचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी हा हात असल्याचे कबूल केले. तरी मी अलीकडे आमच्या मोहल्ल्यात एका शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते जसेच्या तसे ऐकले.

पण सोव्हिएत प्रचारात सगळेच खोटे नव्हते, आणि मला तो भाग जास्त विचार करायला लावतो. अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारतात, हे मॉस्को वर्षानुवर्षे सांगत होते, आणि ते खरे होते. हेतू वाईट, बातमी खरी. शाळांतल्या वर्णभेदाचा खटला चालू असताना, १९५२ साली, अमेरिकन सरकारने आपल्या सर्वोच्च न्यायालयाला लेखी सांगितले, की या भेदभावामुळे कम्युनिस्ट प्रचाराला आयते खाद्य मिळते. १९५४च्या निकालामागे न्यायबुद्धी होतीच, पण शत्रूच्या तोंडून ऐकलेल्या सत्याचाही थोडा हात असावा.

१९८८च्या जुलैत मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. माझे धाकटे चाचा दुबईला होते. कोकणातल्या आमच्या गावात घराआड एक माणूस आखातात होता. रेडिओवर पहिली बातमी ऐकली त्यात आम्हांला ‘दुबईचे विमान’ एवढेच कळले. चाची चुलीपाशी बसूनच राहिली. गावात फोन एकच, पोस्टातला, आणि त्यावरून दुबई लागणे कठीण. अब्बांनी तार केली. मी रात्री कंदिलाशी बसून पत्र लिहिले.

दोन दिवसांनी चाचांची तार आली. खुशाल होते. मग सविस्तर बातम्या आल्या आणि मी पेटून उठलो. पाच वर्षांपूर्वी २६९ माणसांसाठी हेरगिरीचे कारण शोधणारा मी, आता ‘चूक’ या शब्दावर चिडून कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लांबलचक कविता लिहिली. ती वाईट होती. तिच्यात कोरियाचे विमान नव्हते.

काही वर्षांपूर्वी चाचांचे निधन झाले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आमची सगळी पत्रे जपून ठेवलेली निघाली. त्या रात्रीचे माझे पत्रही होते. माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘दुबईचे विमान कोसळले असे ऐकले. ताबडतोब खुशाली कळवा.’ त्या पत्राला चाचांनी पाठवलेले उत्तर चाचीने आपल्या कुराणाच्या रेहलखाली ठेवले होते. तेही मी पुन्हा वाचले. ते चौथी शिकलेले होते, एका बांधकामावर गवंडीकाम करत होते. त्यांनी लिहिले होते, ‘मी खुशाल आहे. काळजी नसावी. विमान दुबईचे नव्हते, दुबईला येत होते. आणि कोसळले नाही. पाडले.’